लग्नाचे दागिने ब्रँडचे घ्यावेत की आपल्या सोनाराकडून घडवावेत?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर रत्नागिरीत, मुलगी नोकरीनिमित्त मुंबईत, लग्न वैशाखात. तिला नावाजलेल्या ब्रँडचा डिझायनर सेट हवा आहे. सासूबाई म्हणतात, घरातलं सगळं सोनं ज्या पेढीवर झालं तिथेच हेही घडवायचं. सोनं शुद्ध कुठे मिळेल, जादा पैसे कशाचे जातात आणि कधी मोडायची वेळ आली तर हातात किती येईल, हे तुम्हाला हवं आहे.

मी सोनार आहे. घडवतो, दुरुस्त करतो, शिवाय बँकेच्या सोनेतारणासाठी मूल्यांकनही करतो. त्यामुळे दागिना नवा असताना, झिजल्यावर आणि अडचणीत बाहेर निघाल्यावर, असा तिन्ही वेळा माझ्या हातात येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. रोज अंगावर राहणारं सोनं ओळखीच्या सोनाराकडून घडवावं, हॉलमार्कसह. हिऱ्याचं काम असेल तर मोठ्या नावाकडे जायला माझी हरकत नाही. डिझायनर दागिना त्याच्या घडणीवर जीव जडला तर जरूर घ्यावा, पण त्याला घरचं सोनं म्हणून धरू नये. आणि कुठलाही दागिना घेताना पहिला प्रश्न हा विचारावा: हा तुटला तर उघडून नीट करणारा माणूस कोण, आणि तो कुठे बसतो? माझं सगळं उत्तर या प्रश्नाभोवती आहे.

शुद्धतेचं आधी संपवू, कारण तो वाद आता फारसा उरलेला नाही. पूर्वी होता, आणि त्यात दोष आमच्या धंद्याचा होता. 22 कॅरेट म्हणून दिलेला दागिना आटवल्यावर 20 च्या आसपास उतरणं ही नवलाची गोष्ट नव्हती. काही वेळा लबाडी असायची, काही वेळा सांधे जोडायचं सोल्डर हलक्या कसाचं असायचं, आणि बारीक सांध्यांच्या दागिन्यात ते सोल्डर एकूण कस खाली ओढायचं. पुढे कॅडमियमचं सोल्डर आलं, त्यालाच लोक केडीएम म्हणतात. त्याने कस टिकायचा, पण त्याची वाफ कारागिराच्या छातीत जायची, म्हणून ते बाद झालं. 1990 च्या दशकात टाटांच्या तनिष्कने दुकानात कॅरेटमीटर ठेवलं. दागिना न आटवता क्ष-किरणांवर कस दिसू लागला, आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. त्यांनी आमच्या धंद्याला शिस्त लावली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

आज चित्र वेगळं आहे. 16 जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय, म्हणजे त्या दागिन्याच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाशिवाय, हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर तीन खुणा बघायच्या: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, 22के916 सारखा कस (916 म्हणजे हजारात 916 भाग सोनं) आणि एचयूआयडी. तो क्रमांक मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कुठल्या सराफाने, कुठल्या केंद्रात तपासून घेतला ते दिसतं. दुकानातच टाकून बघा, लाजू नका. तपासणीत कस कमी भरला तर तुटीच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद नियमात आहे. म्हणजे 916 हे रत्नागिरीच्या राम आळीतल्या छोट्या दुकानातही 916 आणि मुंबईच्या वातानुकूलित शोरूममध्येही 916. 'आमचं सोनं जास्त शुद्ध' असं सांगून कुणी जादा पैसे मागत असेल तर त्याला तो आधार राहिलेला नाही.

एक फट मात्र लक्षात ठेवा. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही; कुंदन, पोलकी आणि जडावाच्या कामालाही नाही. चमकी, बाळाच्या बाळ्या, पुष्कळशा नथी यातच येतात. तिथे अजूनही माणसाच्या शब्दावरच चालतं.

आता पैशाचं. सोन्याचा भाव दोन्हीकडे जवळपास सारखाच, फरक पडतो घडणावळीत. हिशोब सोपा जावा म्हणून ग्रॅमला 10,000 रुपये धरू. 20 ग्रॅमच्या हाराचं सोनं झालं 2 लाख. पेढीवर घडणावळ 9 टक्के लावली तर 18,000 आणि ब्रँडने 18 टक्के लावली तर 36,000. त्यावर 3 टक्के जीएसटी धरला तर पहिला हार 2,24,540 रुपयांना आणि दुसरा 2,43,080 रुपयांना पडतो. फरक 18,540 रुपयांचा, म्हणजे पावणेदोन ग्रॅमहून थोडं जास्त सोनं. हे पैसे मोडताना परत येत नाहीत, ना इथे ना तिथे.

याहून मला खुपतं ते टक्क्यांनी घडणावळ लावणं. सोन्याचा भाव दुप्पट झाला म्हणून कारागिराने ठोके दुप्पट मारले असं होत नाही, त्याची मजुरीही दुप्पट होत नाही. तरी बिलातली घडणावळ दुप्पट होते. हे ब्रँड करतात आणि आता बऱ्याच पेढ्याही करू लागल्या आहेत. तुम्ही स्पष्ट विचारा, ग्रॅमला मजुरी किती? ज्याला हाताखालचं काम माहीत आहे तो आकडा सांगू शकतो. घट, म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं, वेगळी लावणार का, तेही तेव्हाच विचारा, कारण घडणावळ कमी सांगून घटीत वसूल करायची पद्धत आहे. आणि खडे असतील तर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन बिलावर वेगवेगळं लिहून घ्या. काच, मोती, लाख हे सोन्याच्या भावाने कुणी विकत घेऊ नये.

सासूबाईंच्या पेटीतलं जुनं सोनं मोडीत घालणार असाल तर एक सूचना. 1963 साली सुवर्ण नियंत्रण आलं तेव्हा 14 कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी होती. सोनारांच्या घरांवर त्या काळात फार वाईट दिवस आले, कित्येकांनी हातोडी ठेवली. पुढे ती अट सैल झाली, पण 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 पर्यंत राहिला. त्या काळातलं सोनं कुठल्या कसाचं निघेल ते नुसतं बघून सांगता येत नाही. आधी तपासून घ्या, मग ठरवा. आणि हाताने घडवलेली जुनी ठुशी किंवा मोहनमाळ असेल तर ती मोडूच नका. तिची घडणावळ कधीच फिटली आहे आणि तसं काम करणारे हात आता फार थोडे आहेत. उजळून, नव्याने गाठवून मुलीला द्या.

बँकेत काय होतं तेही ऐका. सोनेतारणाला दागिना आला की मी कस बघतो, वजन करतो, खड्यांचं आणि लाखेचं वजन वजा करतो, आणि निव्वळ सोन्याची किंमत लिहितो. दुकानाच्या नावाला त्या कागदावर जागाच नाही. भारी नक्षीच्या डिझायनर हाराला आणि साध्या पाटल्यांना एकच माप लागतं. कोकणात सोन्याकडे नुसता शृंगार म्हणून कुणी बघत नाही. बोटीचं इंजिन, कलमांची बाग धरताना लागणारा पैसा, मुलाचं शिक्षण, यासाठी ते बाहेर निघतं आणि हंगाम झाला की परत घरी येतं. असं सोनं घ्यायचं असेल तर ते ब्रँडच्या नावावर घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता दुरुस्तीकडे येतो. आपल्या हवेत दागिन्याचे हाल होतात. घाम, खारं वारं, चार महिन्यांची ओल. 22 कॅरेट सोन्याला समुद्र फारसं काही करत नाही, पण चांदी काळी पडते, मोत्याचं पाणी उतरतं, गाठवलेला दोरा आतून कुजतो आणि एक दिवस भर लग्नात तन्मणी सुटतो. 14 किंवा 18 कॅरेटच्या दागिन्यात तांबं, चांदी किंवा इतर धातू जास्त, त्यामुळे ब्लीच आणि पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन त्याला आणि त्याच्या सांध्यांना खातं. पांढऱ्या सोन्यावरचा रोडियमचा मुलामा झिजून पिवळट छटा दिसू लागते, तो पुन्हा चढवावा लागतो. म्हणजे इथे राहणाऱ्या बाईच्या अंगावरचा दागिना कधी ना कधी दुरुस्तीला येणारच.

नथीचं उदाहरण घ्या, कारण तुमच्या मुलीला ती लागणारच. हाताने केलेल्या नथीत प्रत्येक मोती आरपार भोक पाडलेला असतो. त्यातून सोन्याची बारीक तार जाते, पुढे पीळ घालून पुढचा मोती, मधे लाल-हिरव्या खड्याचं कोंदण, आणि सगळी तार शेवटी एकमेकीत गुंतवून बंद केलेली. नथ उलटी धरली तर मागे ते पीळ दिसतात, थोडे उंचसखल, पण घट्ट. एक मोती फुटला तर मी तेवढीच तार सोडवतो, नवा मोती ओवतो, पीळ घालतो. काम तासाभराचं. आता शोरूममधल्या यंत्रावर ओतलेल्या कित्येक नथी बघा. समोरून अगदी एकसारख्या, मोती रेषेत, देखण्या. मागे मात्र सपाट पत्रा आणि त्यावर बारीक खुंट्या. मोत्याला अर्धंच भोक, आणि तो खुंटीवर गोंदाने चिकटवलेला. मुंबईच्या एसीत हे चालून जातं. आपल्याकडे दोन पावसाळे अंगावरचा घाम आणि दमट हवा लागली की गोंद सुटायला लागतो, आणि मोती कधी पडला हे बाईला कळतही नाही. पुन्हा चिकटवता येतो, पण तो पुन्हा पडणार. 2021 च्या जुलैत चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्यानंतर साफसफाईला आलेल्या दागिन्यांत हाच फरक डोळ्यांना दिसला: तारेत गुंफलेलं काम धुऊन, वाळवून, पुन्हा गाठवून उभं राहिलं, चिकटवलेल्या कामाचे मोती चिखलात गेले ते गेलेच.

पोकळ कामाचंही तसंच. बोरमाळेचे मणी पूर्वीपासून पोकळ, पण आत लाख भरलेली असते, त्यामुळे ते चेपत नाहीत. दुरुस्तीला आली तर लाख काढायची, झाळायचं, पुन्हा लाख भरायची, ही रीत सोनाराला माहीत असते. यंत्रावरच्या हलक्या बांगड्या आतून पूर्ण रिकाम्या आणि पत्रा कागदासारखा. वजन कमी, दिसायला भरघोस, म्हणून खपतात. नारळ खवताना एकदा ठोकर लागली की खड्डा पडतो, आणि तो वर काढायला आत हत्यार घालायला जागाच नसते. आच दिली तर पत्रा बसतो. अशी बांगडी घेऊन बाई येते तेव्हा मला हात वर करावे लागतात, याचं वाईट वाटतं. हा दोष ब्रँडचाच असतो असं नाही. असा माल घाऊक बाजारातून आणून छोट्या पेढ्याही विकतात. म्हणून दागिना नेहमी उलटा करून बघा. मागच्या बाजूला घासकाम केलंय का, कड्या झाळलेल्या आहेत की नुसत्या दाबलेल्या, फिरकीचे आटे खोल आहेत की दोन फेऱ्यांत संपतात. कारागिराने मागची बाजू नीट केली असेल तर पुढची नीट असतेच.

ब्रँडची सेवा वाईट असते असं मी म्हणत नाही. मोठ्या दुकानांत साफसफाई, पॉलिश फुकट करून देतात. पण खरं काम निघालं की दागिना पाकिटात घालून मोठ्या कारखान्यात जातो, परत यायला आठवडे लागतात, आणि तो ज्याच्या हातात पडतो त्याला तुम्ही भेटत नाही. बाहेरचा दागिना तर बरेच ठिकाणी घेतच नाहीत. पेढीवर बाई स्टुलावर बसते, समोर काम होतं आणि ती घालून घरी जाते.

हिऱ्याच्या बाबतीत मात्र माझं पारडं दुसरीकडे झुकतं. छोट्या गावातल्या सोनाराला सोन्याचा कस कळतो, हिऱ्याची प्रत कळेलच असं नाही. आज प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा आणि खाणीतला हिरा रासायनिकदृष्ट्या एकच. दुकानातल्या साध्या टेस्टरवर दोन्ही 'हिरा'च दाखवतात, आणि भावात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. म्हणून मोठा एकच खडा असेल तर जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र घ्या, त्यावरचा क्रमांक खड्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असेल तर तो भिंगातून स्वतः वाचून बघा. मग तो कुठून घेतला याला तितकं महत्त्व राहत नाही. बारीक बारीक हिऱ्यांच्या सेटला मात्र प्रत्येक खड्याचं प्रमाणपत्र नसतं, आणि असा सेट पेढीवर विकायला गेलात तर खड्यांचे पैसे जवळपास मिळत नाहीत. तिथे परत घेण्याची लेखी अट देणारा मोठा ब्रँड बरा. अट तोंडी ऐकू नका, बिलावर वाचा: बदलून देणार की रोख देणार, आणि हिऱ्याच्या किमतीतून किती कापणार. आणि हिऱ्याचा दागिना 18 कॅरेटमध्ये असेल तर बिचकू नका. खडा धरणारे काटे कडक हवेत, 22 कॅरेट त्याला मऊ पडतं.

राहिला खरा डिझायनर दागिना. मला त्याबद्दल आदर आहे. कार्टिये या फ्रेंच ब्रँडचं लव्ह ब्रेसलेट घ्या: ॲल्डो चिपुल्लो याने 1969 साली न्यूयॉर्कमध्ये काढलेली रचना, हातात घालून स्क्रूने बंद करायची. अमेरिकेतल्या टिफनीने 1886 मध्ये सहा काट्यांवर हिरा वर उचलून धरला आणि आज आपल्या पेठेतल्या अंगठ्यांतही तीच पद्धत दिसते. हे डोक्याचं काम आहे, त्याचे पैसे घेणं रास्तच. पण त्या नावाची किंमत जिथे त्या नावाचा बाजार आहे तिथेच मिळते. असं ब्रेसलेट न्यूयॉर्कला जुन्या मालाच्या बाजारात सोन्याच्या भावाहून बऱ्याच वरच्या किमतीला जातं. रत्नागिरीत ते माझ्या काट्यावर आलं तर 18 कॅरेट, म्हणजे शंभरात 75 भाग सोनं, एवढंच मला लिहिता येतं. आपल्याकडच्या डिझायनरांच्या सेटला तर असा दुसरा बाजारही जवळजवळ नाही. तेव्हा मुलीला आवडलाय, ती घालणार आहे, आणि ते पैसे परत येणार नाहीत हे तिला मान्य आहे, असं असेल तर घ्या आणि आनंदाने घ्या.

फक्त एक करू नका. मोबाइलवर फोटो आणून 'अगदी असाच करून द्या' असं सोनाराला सांगू नका. पुष्कळजण करून देतात, मी देत नाही. ज्याने ती रचना सुचवली त्याचा तो हक्क आहे, ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे फोटोत फक्त पुढची बाजू असते. जाडी किती, वजन कुठे टाकलंय, हार मानेवर उलटा पडू नये म्हणून मागे काय केलंय, हे दिसत नाही, आणि नक्कल मानेवर फिरत राहते. मुलीला वेगळं काही हवं असेल तर तिला कारागिरासमोर बसवा. कोल्हापुरी साजातली पानं कमी करून हलका करता येतो, चिंचपेटी एकपदरी आणि बारीक करता येते, पोहेहाराला साखळी आधुनिक घालता येते. आपल्याच घडणींत एवढं आहे की तिच्या ऑफिसलाही शोभेल असं काहीतरी निघतं.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, नथ आणि एखादी ठुशी सासूबाईंच्या सोनाराकडे, ग्रॅमवर मजुरी ठरवून. एक हिऱ्याचा किंवा डिझायनर दागिना मुलीच्या पसंतीचा, मुंबईहून, तिने स्वतः घालून बघून. सासूबाईंचा मानही राहतो आणि मुलीची हौसही. फक्त तुमचा सोनार स्वतःच्या पेढीवर घडवतो किंवा निदान दुरुस्त करतो, याची खात्री करून घ्या. घाट चढून तयार माल आणून नुसता विकणारा असेल तर त्याच्यात आणि शोरूममध्ये या बाबतीत फरक राहत नाही.

घडवायचं काम संक्रांतीच्या आत द्या. शिमग्यात कोकणात कामाला हात लागत नाही आणि त्यानंतर लग्नांची गर्दी सुरू होते, मग गाठवण्याचं काम घाईत उरकलं जातं. अंगठी आणि पाटल्यांचं माप थंडीतल्या सकाळी देऊ नका. वैशाखाच्या उकाड्यात हात सुजतात, म्हणून माप दुपारी, थोडं काम झाल्यावर द्या आणि किंचित सैल ठेवायला सांगा.